शिडाच्या बोटीवर आठवडा, सोबत दोन मुलं आणि ७२ वर्षांच्या सासूबाई : सल्ला हवा आहे

निळीशाई
नमस्कार. बरेच दिवस मनात घोळतंय, शेवटी धागाच काढते.

येत्या एप्रिलमध्ये आम्ही सहा जण शिडाची बोट चार्टर करून (भाड्याने घेऊन) आठवडाभर बेटांमधून फिरायचं म्हणतोय. मी, नवरा, मुलगा (११), मुलगी (६), नणंद आणि सासूबाई (७२). नवऱ्याने शीडबोटीचा कोर्स केला आहे. दोनदा मित्रांबरोबर मोनोहलवर (एका सांगाड्याच्या बोटीवर) आठवडा काढला आहे, त्यातले काही दिवस बोट त्याच्याच ताब्यात होती. तेवढ्या अनुभवावर दोन कंपन्या बेअरबोट, म्हणजे स्किपरशिवाय (बोट चालवणाऱ्या कप्तानाशिवाय) नुसती बोट द्यायला तयार आहेत. त्याला तसंच जायचंय. मला स्किपर हवा आहे. घरात यावर बरंच बोलून झालंय, आता तुमचं ऐकायचंय.

सासूबाईंना पोहता येत नाही आणि गुडघे दुखतात. पण बेत कानावर पडला तेव्हा सगळ्यांत आधी "मी येणार" त्याच म्हणाल्या.

जागा दोन डोक्यात आहेत : कॅरिबियनमधली ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स किंवा हिंदी महासागरातली सेशेल्स. बोट बहुतेक चार केबिनची कॅटामरान, म्हणजे जोड-सांगाड्याची. तुम्ही कुणी असं मुलाबाळांसकट, वडीलधाऱ्यांसकट केलंय का? काय चुकलं, काय जमलं, सगळं सांगा.

भटकेपाय
वाचतोय. आमचाही बेत आहे.

खारावारा
पहिल्यांदाच कुटुंब घेऊन जाताय तर डोळे मिटून व्हर्जिन आयलंड्स. आम्ही दोनदा गेलोय.

कारण सांगतो. टॉर्टोला हे मोठं बेट एका बाजूला, नॉर्मन, पीटर, सॉल्ट, कूपर ही छोटी बेटं दुसऱ्या बाजूला आणि मधे सर फ्रान्सिस ड्रेक चॅनल. बेटांच्या आडोशामुळे या चॅनलमध्ये अटलांटिकची मोठी लाट सहसा शिरत नाही. निघालात की जायचं बेट समोर दिसत असतं. सकाळी नांगर उचलायचा, तास-दोन तास शीड, की पुढचा मुक्काम. भरती-ओहोटीतला फरक जेमतेम फूटभर, त्यामुळे त्याची गणितं जवळपास नाहीत. व्यापारी वारे पूर्वेकडून इतके नेमाने वाहतात की वारा कुठून येणार हा प्रश्न रोज सकाळी नव्याने पडत नाही. नाताळच्या सुमाराला तेच वारे २० नॉटच्या पुढे जातात, एप्रिलपर्यंत जरा मवाळ होतात. एप्रिल हा उत्तम महिना निवडलाय तुम्ही.

शिवाय बहुतेक खाड्यांमध्ये मूरिंग बॉल आहेत, म्हणजे तळाशी पक्के बांधलेले, बोट अडकवायचे तरंगते गोळे. नांगर धरला की नाही या काळजीने रात्रभर जागायला नको.

एक मात्र ध्यानात ठेवा. तिथे बोये (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) अमेरिकेच्या पद्धतीचे आहेत : बंदरात शिरताना लाल बोया उजव्या हाताला. सेशेल्समध्ये बरोब्बर उलटं, लाल डाव्या हाताला. तुमच्या यजमानांनी कोर्स कुठल्या पद्धतीत केलाय ते बघा. हाताला लागलेली सवय ऐन वेळी दगा देते.

शिंपला
@खारावारा, सगळं मान्य, पण सेशेल्सला इतक्या सहज बाजूला सारू नका. प्रालँ, क्युरिअस, ला दीग ही बेटं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. किनाऱ्यावर हत्तीएवढे गुळगुळीत ग्रॅनाइटचे दगड, आणि क्युरिअसवर मोकळी हिंडणारी महाकाय कासवं. माझा भाचा सात वर्षांचा होता तेव्हा. एका कासवाने मान लांब करून त्याच्या गुडघ्याशी नाक आणलं आणि तो श्वास रोखून उभा राहिला. ते कासव गेल्यावरच त्याने श्वास सोडला. प्रालँवर व्हॅली द माय आहे, १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत. तिथलं कोको द मेर म्हणजे जगातलं सर्वांत मोठं बी. मुलांना दोन्ही हातांनी उचलायला लावा.

अडचण एकच : माहे ते प्रालँ हा सुमारे २५ सागरी मैलांचा उघड्या समुद्राचा पल्ला. जाताना एकदा, येताना एकदा. मे ते सप्टेंबर आग्नेयेचे वारे जोरात असतात तेव्हा तो अंगावर येतो. एप्रिलमध्ये वारे बदलायचा काळ, समुद्र शांत. पण मग वाराच नसतो आणि इंजिनावर बरंच जावं लागतं. ज्याला शीड चालवायची हौस आहे तो माणूस हिरमुसतो.

आडवाट
एक वेगळा विचार. व्हर्जिन आयलंड्सला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जा. बोटी निम्म्याने स्वस्त मिळतात, खाड्या रिकाम्या. मुलांच्या सुट्टीचं जमतंय का बघा.

दीपगृह
@आडवाट, कृपा करून हा सल्ला कुटुंबवाल्यांना देऊ नका. अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचं शिखर नेमकं ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर. ६ सप्टेंबर २०१७ ला इर्मा हे पाचव्या श्रेणीचं वादळ थेट या बेटांवरून गेलं. टॉर्टोलाच्या पॅराक्विटा बे मध्ये आसऱ्याला म्हणून बांधून ठेवलेल्या चार्टर बोटी वादळानंतर एकमेकींवर चढून ढीग होऊन पडल्या होत्या. ही जागा आसऱ्याची म्हणून नावाजलेली, हे लक्षात घ्या.

दर वर्षी वादळ येतंच असं नाही, खरं आहे. पण आठ दिवसांची सुट्टी आणि चार दिवस हवामानखात्याचा नकाशा बघत बसायचं, याला सुट्टी म्हणवत नाही. मुलांना आपला चेहरा वाचता येतो.

शिंपला
या बाबतीत सेशेल्स निर्धास्त. मुख्य ग्रॅनाइटची बेटं विषुववृत्तापासून जेमतेम ४-५ अंश दक्षिणेला आहेत. वादळाला गरगर फिरवणारा पृथ्वीच्या परिवलनाचा जोर तिथे फार कमी पडतो, म्हणून चक्रीवादळं सहसा इतक्या जवळ येत नाहीत. दूर दक्षिणेची बेटं वेगळी : फार्क्वारला एप्रिल २०१६ मध्ये फॅंटाला चक्रीवादळाने झोडपलं होतं. पण चार्टरवाले तिकडे फिरकतच नाहीत.

आडवाट
दीपगृह, पटलं. आम्ही दोघेच गेलो होतो आणि नशिबाने हवा चांगली मिळाली, त्या जोरावर लिहिलं. मागे घेतो.

पाणकोंबडी
मूळ प्रश्न स्किपरचा आहे ना? आमचा पहिला दिवस सांगते, मग ठरवा.

आम्ही बेअरबोट घेतली होती. नवऱ्याकडे सगळी प्रमाणपत्रं. दुपारी साडेचारला कूपर आयलंडला पोचलो तर एकच मूरिंग बॉल शिल्लक. मी पुढच्या टोकाला हुक घेऊन पालथी. इंजिनाच्या आवाजात त्याचं बोलणं मला ऐकू येईना, माझं त्याला. बॉल बोटीच्या नाकाखाली गेला की सुकाणूवरच्या माणसाला तो दिसतच नाही, हे आम्हाला तोपर्यंत उमगलंच नव्हतं. तीनदा चुकलं. चौथ्यांदा मी हुक अडकवला, बोट मागे सरकली आणि हुक हातातून निसटून पाण्यात. शेजारच्या बोटीवरचा एक आजोबा डिंगी (छोटी रबरी होडी) घेऊन आला, हुक उचलून दिला, दोर ओवून दिला आणि काही न बोलता परत गेला. माझ्या मुलीने तोपर्यंत रडून गोंधळ घातला होता. तिला वाटलं आई-बाबांचं कायमचं भांडण झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चार खुणा ठरवल्या. हात लांब करून बॉलकडे दाखवायचं, बॉल जसा सरकेल तसा हात सरकवायचा. मूठ म्हणजे थांब. तळहात मागे म्हणजे रिव्हर्स. दोन्ही हात वर म्हणजे दोर लागला. तोंडाने एक अक्षर नाही. त्यानंतर आठवडाभर एकदाही आवाज चढला नाही. नेहमी वाऱ्याच्या दिशेने तोंड करून या, सावकाश या आणि दुपारी दोनच्या आत पोचा.

डोलकाठी
मी कॅरिबियनमध्ये काही वर्षं चार्टर स्किपर म्हणून काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. स्किपर घ्याच असा माझा आग्रह नाही, आधीच सांगतो.

कुटुंबाची सुट्टी कशाने बिघडते? माझ्या पाहण्यात वादळाने, बोट बिघडल्याने फार कमी वेळा. बिघडते ती मैलांच्या हावेने. नकाशा टेबलावर पसरतात आणि सात दिवसांत सगळी बेटं बसवतात. रोज पाच तास शीड. तिसऱ्या दिवशी मुलं कंटाळलेली, मोठी माणसं उन्हाने करपलेली आणि जो तो घड्याळाकडे बघतोय. माझा नियम होता : मुलं असतील तर दिवसाला तीन तास, त्याहून जास्त नाही. आणि एक दिवस अजिबात हलायचं नाही. त्या न हलण्याच्या दिवशी पोरं बोटीवरून उड्या मारतात, मासे बघतात, आणि पुढे वर्षानुवर्षं तोच दिवस आठवतात.

वाऱ्याविरुद्ध जायचं ते सुरुवातीलाच, सगळे ताजेतवाने असताना. व्हर्जिन आयलंड्समध्ये म्हणजे आधी पूर्वेला व्हर्जिन गोर्डाकडे जा आणि मग वारा पाठीशी घेऊन निवांत परत फिरा. शेवटची रात्र कंपनीच्या तळाच्या (जिथे बोट परत करायची त्या जागेच्या) जवळ काढा.

उष्ण कटिबंधात संध्याकाळ नावाचा प्रकार फार छोटा असतो. सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत मिट्ट काळोख. त्यातून प्रवाळ डोळ्यांनी ओळखायचं तर सूर्य डोक्यावर आणि शक्यतो पाठीमागे हवा. फिकट हिरवट-निळं म्हणजे वाळू, तपकिरी म्हणजे प्रवाळ, गडद निळं म्हणजे खोल. चारनंतर तिरप्या उन्हात हे सगळं एकाच चकाकीत हरवतं. पोलराइज्ड गॉगल घाला, फरक तिथल्या तिथे कळेल.

आणि शीड लवकर कमी करा. कॅटामरान मोनोहलसारखी कलंडून तुम्हाला इशारा देत नाही. ती सरळच राहते, जोर मात्र डोलकाठीवर आणि दोरांवर वाढत जातो. म्हणून वाऱ्याच्या आकड्याकडे बघून रीफ घ्यायचा, म्हणजे शीड आखडायचं. कंपनी जो आकडा सांगेल तो लिहून सुकाणूपाशी चिकटवा.

शेवटचं. प्रत्येकाला बोटीवर एक काम द्या. कुणी पाण्यात पडलं तर एकाने दुसरं काहीही न करता त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं, नजर हलवायची नाही. लाटांमध्ये माणसाचं डोकं म्हणजे नारळाएवढा ठिपका. एकदा नजर हलली की सापडत नाही. हे काम मी नेहमी सासूबाईंच्या वयाच्या माणसाला देत असे. ती माणसं ते चोख करतात.

उधाण
@डोलकाठी, उत्तम प्रतिसाद. पण मी बेअरबोटच्या बाजूने बोलणार. स्किपर म्हणजे एक केबिन त्याची, जेवणात तो, गप्पांत तो. सहा जणांत चार केबिन असताना कुणाला तरी सलूनमध्ये (बैठकीच्या खोलीत) झोपावं लागेल. आणि यजमानांना अनुभव आहे, कंपनीनेही तो मान्य केलाय. आपल्या माणसांना आपण सुखरूप फिरवून आणलं, हे समाधान विकत मिळत नाही.

मधला मार्ग सांगतो. पहिले दोन दिवस स्किपर घ्या, तो मूरिंग, नांगर, शीड सगळं तुमच्याकडून करवून घेईल, आणि मग तिसऱ्या दिवशी तो उतरून जाईल. बऱ्याच कंपन्या असं करतात. तुम्हाला आणि यजमानांना, दोघांनाही हवं ते मिळेल.

पाणकोंबडी
उधाण, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर!

मीठभाकर
जरा अवघड विषय काढते, पण कुणीतरी काढायलाच हवा. संडास. बोटीवरच्या संडासाचे पाइप बारीक असतात. मुलांना पहिल्या दिवशीच समजावा की पोटातून आलेलं आणि थोडा कागद, याखेरीज काहीही आत टाकायचं नाही. ओले रुमाल तर अजिबात नाहीत. आमच्याकडे चौथ्या दिवशी एक तुंबला आणि ते काम कुणी केलं हे मी इथे लिहीत नाही, पण त्या माणसाबद्दलचा माझा आदर कायमचा वाढला. :)

गोड्या पाण्याचंही तसंच. टाकी सहा-सातशे लिटरची असली तरी सहा माणसं दोन दिवसांत संपवतात. समुद्रात अंघोळ, शेवटी गोड्या पाण्याचा एक फवारा. मुलांना यात फार मजा वाटते.

भटकेपाय
बोट लागण्याचं काय करायचं? मला गाडीसुद्धा लागते.

पांढराकोट
मी डॉक्टर आहे, सर्वसाधारण सांगते. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

बोट लागते कारण कान सांगतो हलतंय आणि डोळे सांगतात स्थिर आहे. म्हणून खाली केबिनमध्ये जाऊन पुस्तक उघडलंत की खेळ संपला. वर बसा, वारा घ्या, क्षितिज बघा, जमलं तर सुकाणू हातात घ्या. सुकाणू धरणाऱ्याला सहसा लागत नाही. बहुतेकांचं शरीर दोन दिवसांत जुळवून घेतं. गोळी मळमळ सुरू झाल्यावर नाही, निघायच्या आधी घ्यायची असते, आणि तीही आधी एकदा घरी घेऊन बघा, झोप किती येते ते कळेल.

निळीशाई, दोन गोष्टी खास तुमच्यासाठी. कानामागे लावायची हायोसिनची पट्टी सहा वर्षांच्या मुलीला लावू नका. आणि सासूबाईंनाही आपल्या मनाने देऊ नका. या वयात तिने गोंधळल्यासारखं होऊ शकतं, तोल जाऊ शकतो. सत्तरीतल्या माणसाला बोटीवर उलटी झालेली परवडते, पडलेलं परवडत नाही.

गोगलगाय
अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सनस्क्रीन घेताना मागचं लेबल वाचा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली घेऊ नका, त्यांच्यामुळे प्रवाळाला इजा होते असं दिसून आल्यावर हवाईने २०२१ पासून त्यांची विक्री बंद केली, पलाऊने आणि यूएस व्हर्जिन आयलंड्सनेही २०२० मध्ये बंदी घातली. झिंक ऑक्साइडवालं घ्या. त्याहून बरं म्हणजे मुलांना लांब बाह्यांचे पोहण्याचे शर्ट घाला. पाण्यावर तरंगत खाली बघताना पाठ आणि मांड्यांची मागची बाजू भाजते, आणि ते रात्री झोपताना कळतं.

आणि नांगर फक्त वाळूवर. साखळी प्रवाळावर एकदा फिरली की शेकडो वर्षांची वाढ एका रात्रीत चिरडते. टाकल्यावर मास्क लावून उडी मारा आणि नांगर रुतलाय का ते डोळ्यांनी बघून या. बोट आणि प्रवाळ, दोघांचंही भलं.

उधाण
नांगराच्या साखळीबद्दल : खोली मोजताना पाण्यापासून पुढच्या टोकापर्यंतची उंची धरा आणि त्याच्या निदान पाचपट साखळी सोडा. वारा असेल तर सातपट. लोक इथेच कंजुषी करतात.

कडकऊन
मला स्पष्ट बोलायचंय, राग मानू नका. ७२ वर्षं, पोहता येत नाही, गुडघे दुखतात. अशा माणसाला बोटीवर कशाला न्यायचं? त्यांना किनाऱ्यावर चांगल्या हॉटेलात ठेवा, तुम्ही दिवसभर फिरून या. त्यांचाही जीव सुखात, तुमचाही.

निळीशाई
@कडकऊन, राग नाही. हाच विचार माझ्याही मनात येऊन गेला. पण त्या स्वतः "येणार" म्हणाल्यात. "तुम्ही इथे थांबा" हे मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

कासवपावलं
निळीशाई, कडकऊन, दोघांसाठी लिहितेय. माझ्या आईला ७४ व्या वर्षी नेलं होतं. तिलाही पोहता येत नाही. आणि मी खात्रीने सांगते, समुद्र, लाटा, वारा, यातलं काहीही अवघड गेलं नाही. अवघड होती डिंगी.

बघा ना. कॅटामरानवर कॉकपिट (मागची उघडी बैठक) आणि सलून एकाच पातळीवर. आई तिथे खुर्चीत बसल्यासारखी बसायची. मोनोहलमध्ये खाली उतरायची शिडी उभी असते, ती तिला जमली नसती. तेव्हा कॅटामरान हा तुमचा निर्णय अगदी योग्य. केबिनला चार-पाच उंच पायऱ्या असतात, तेवढ्या कठडा धरून उतरता येतात. रात्री एक छोटा दिवा लावून ठेवा.

पण किनाऱ्यावर जायचं म्हणजे हलणाऱ्या बोटीवरून हलणाऱ्या रबरी डिंगीत पाय टाकायचा. बोट वर जाते तेव्हा डिंगी खाली येते. उभ्याने पाय टाकला की तोल गेलाच. आणि पलीकडे वाळूवर उतरायचं असेल तर गुडघाभर पाण्यात, लाट मागून ढकलतेय, अशा वेळी डिंगीच्या फुगीर काठावरून पाय काढायचा. आईचा धीर पहिल्या दिवशी इथेच सुटला. ती म्हणाली, "मी बोटीवरच बसते, तुम्ही जाऊन या." दोन दिवस ती बोटीवरच बसली आणि आम्ही किनाऱ्यावर जाऊनही आमचं लक्ष लागेना.

तिसऱ्या दिवशी माझ्या भावाने शक्कल काढली. डिंगी मागच्या पायऱ्यांना दोन दोरांनी, पुढून आणि मागून, घट्ट ओढून बांधायची. एका दोराने ती फिरत राहते. आई आधी खालच्या पायरीवर बसणार. बसल्याबसल्या पाय डिंगीत. मग बूड सरकवत डिंगीच्या काठावर, तिथून आतल्या फळीवर. उभं राहायचंच नाही, अगदी शेवटपर्यंत. समोर एक जण हात न ओढता नुसता पुढे धरून. ओढायचं नाही, तिने धरायचं.

आणि मुक्काम निवडताना सुंदर किनारा कुठे आहे ते नंतर, डिंगी बांधायला धक्का कुठे आहे ते आधी बघा. या एका कारणासाठी मी तुम्हाला व्हर्जिन आयलंड्स सुचवेन. तिथे बऱ्याच मुक्कामांवर लाकडी धक्के आहेत. मात्र व्हर्जिन गोर्डाच्या प्रसिद्ध बाथ्सला (प्रचंड दगडांच्या किनाऱ्याला) डिंगी किनाऱ्याला लावू देत नाहीत. पाण्यातल्या दोराला बांधायची आणि पोहत जायचं. तिथे सासूबाईंना स्पॅनिश टाउनच्या धक्क्यावर उतरवा आणि टॅक्सीने वरच्या बाजूने न्या.

कडकऊन
कासवपावलं, धन्यवाद. माझ्या डोक्यात फक्त पाणी आणि पोहणं होतं. हा भाग सुचलाच नव्हता. माझा सल्ला बदलतो.

डोलकाठी
कासवपावलं यांचा प्रतिसाद प्रत्येक चार्टर कंपनीने छापून लावावा. एकच भर घालतो : डिंगीच्या इंजिनाची सुरक्षा-दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा मांडीला हवीच, अगदी पन्नास मीटर जायचं असलं तरी. माणूस पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद होतं. बोटीचं इंजिन चालू असेपर्यंत कुणी पाण्यात नाही, हाही नियम मुलांना पाठ करवा.

पाणकोंबडी
लाइफ जॅकेट मुलांसाठी फोमचं, दोन पायांमधून पट्टा असलेलं. फुगणारं नको. सहा वर्षांच्या मुलीचं माप आधीच कळवा. आम्हाला तळावर मोठ्यांचीच दाखवत होते.

गोगलगाय
कॅरिबियनच्या किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं झाड असतं, लहान हिरव्या सफरचंदासारखी फळं. फळ विषारी, चीकही विषारी. पावसात त्याखाली उभं राहिलं तरी ओघळणाऱ्या पाण्याने कातडीवर फोड येतात. मुलांना चित्र दाखवून ठेवा.

भटकेपाय
आणि स्वतः पकडलेला मासा खाता येतो का?

दीपगृह
प्रवाळातला मोठा मासा, विशेषतः बराकुडा, नको. त्यात सिग्वाटेराचं विष साठलेलं असू शकतं आणि ते शिजवून जात नाही. तिथल्या लोकांना विचारल्याशिवाय खाऊ नका.

निळीशाई
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं. व्हर्जिन आयलंड्स, कॅटामरान, पहिले दोन दिवस स्किपर. त्या दोन रात्री मुलगा सलूनमध्ये झोपणार, तो आत्तापासूनच खूष आहे. अनेगाडा हे बेट बेतातून काढलं, दूर आहे आणि भोवती प्रवाळाची रांग. नवरा सुरुवातीला खट्टू झाला होता, पण डोलकाठी यांचा प्रतिसाद वाचून स्वतःच म्हणाला की मैल कमी करू.

सासूबाईंना कासवपावलं यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला.

कासवपावलं
हे वाचून फार बरं वाटलं. आल्यावर लिहा नक्की.

निळीशाई
आलो! लिहायला उशीर झाला, क्षमस्व.

स्किपर घेतल्याचं एकदाही वाईट वाटलं नाही. शांत माणूस होता. पहिल्याच दुपारी त्याने नॉर्मन आयलंडच्या खाडीत मूरिंग बॉल पाच वेळा धरायला आणि सोडायला लावला. पाणकोंबडी, तुमच्या चारही खुणा वापरल्या. तिसऱ्या दिवशी तो उतरून गेला आणि नवऱ्याने पहिल्यांदा एकट्याने बोट लावली, तेव्हा त्याचे खांदे खाली आलेले मी पाहिले. त्याला हवं होतं ते मिळालं.

एक दिवस मुळीच हललो नाही. मुलांच्या वहीत त्या दिवसाची तीन पानं आहेत, बाकीच्या दिवसांची एकेक.

सॉल्ट आयलंडजवळ ऱ्होन हे १८६७ च्या वादळात बुडालेलं टपाल-जहाज आहे, त्याच्या मागच्या भागावर तरंगत गेलो. मुलाने माझा हात घट्ट धरला होता. वर आल्यावर पहिला प्रश्न, "आतली माणसं कुठे गेली?" बराच वेळ त्यावर बोलत बसलो.

आता सासूबाई. डिंगी दोन दोरांनी बांधायची, बसून सरकायचं. पहिल्या संध्याकाळी कुठेही जायचं नसताना त्यांनी नुसता सराव केला, पायरीवरून डिंगीत, डिंगीतून पायरीवर. सहा वेळा. सातव्या वेळी म्हणाल्या, आता धक्क्यावर चला. बाथ्सला टॅक्सीने वर गेल्या, खाली नाही उतरल्या, वरून ते प्रचंड दगड आणि समुद्र बघत तासभर बसल्या.

आणि पाण्यात पडलेल्याकडे बोट दाखवायचं काम त्यांच्याकडेच होतं. सहाव्या दिवशी वारा जरा जोरात होता आणि मुलाची टोपी उडून पाण्यात पडली. आम्ही कुणी काही म्हणायच्या आत सासूबाईंनी एका हाताने कठडा धरला, दुसरा हात सरळ टोपीकडे. नवऱ्याने तो सराव समजून बोट वळवली. शीड फडफडलं, बोट हेलकावली, नणंद त्यांना धरायला गेली तर म्हणाल्या, "मला बोलू नका, नजर हलेल." हात एवढासाही खाली आला नाही. बोट फिरली तसा हात फिरत राहिला. मला टोपी दिसत नव्हती, मी त्यांच्या बोटाच्या रेषेत बघत होते.

डोलकाठी
वाचताना उभा राहिलो. त्यांना माझा नमस्कार सांगा.

भटकेपाय
टोपी मिळाली का?

निळीशाई
मिळाली. दुसऱ्या फेरीत. मुलीने हुकाने उचलली.